लॉला अर्ज कुठं करायचा? शिरूर-दौंडच्या पालकांसाठी थोडं स्पष्ट

बारावीचा निकाल लागला की शिरूर-दौंड पट्ट्यात फोन सुरू होतात. "पोरीला वकील करायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "तिथं कुणी ओळखीचं आहे का?" विचारणारा मनापासून विचारत असतो. पण तोवर निम्मे रस्ते बंद झालेले असतात. क्लॅट डिसेंबरातच होऊन गेलेली असते. राज्याच्या सीईटीचा फॉर्म बारावीची परीक्षा चालू असतानाच कधीतरी संपलेला असतो. मग उरतं काय, तर हायवेच्या होर्डिंगवर झळकणारी खासगी विद्यापीठं आणि "सीट करून देतो" म्हणणारे लोक. जूनमध्ये जो बाप जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढायला निघतो, त्याला नोव्हेंबरात कुणी दोन गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर ती वेळ आली नसती. म्हणून ही पोस्ट आत्ता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागातल्या साध्या शेतकरी किंवा नोकरदार घरानं लॉसाठी पहिली मेहनत राज्याच्या सीईटीवर आणि कॅपच्या प्रवेशावर लावावी. मुलगा-मुलगी इंग्रजी उतारे सराईतपणे वाचत असेल तर क्लॅटचा फॉर्मही भरावा. खासगी किंवा अभिमत विद्यापीठाच्या फॉर्मला सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि तोही घरचा हिशोब कागदावर मांडून झाल्यावर. बरेच जण नेमकं उलट करतात.

का, ते सांगतो.

मेडिकल-इंजिनिअरिंगमुळे आपल्या डोक्यात बसलंय की जास्त फी म्हणजे जास्त चांगलं कॉलेज. महाराष्ट्रात लॉच्या बाबतीत हे गणित चालत नाही. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, म्हणजे चर्चगेटचं जीएलसी, १८५५ सालचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथं प्राचार्य झाले. अलीकडचे सरन्यायाधीश उदय लळीत तिथलेच विद्यार्थी. तिथली वर्षाची फी आजही काही हजारांत आहे. पुण्यातलं आयएलएस १९२४ सालचं, लॉ कॉलेज रोडला नावच त्याच्यावरून पडलं. सगळ्यात जास्त काळ सरन्यायाधीश राहिलेले यशवंतराव चंद्रचूड तिथं शिकले. म्हणजे जी दोन नावं राज्यात कुठल्याही वकिलाला विचारली तरी पहिल्या दमात येतील, त्यांच्या फीसाठी जमीन विकावी लागत नाही. लागतात ते सीईटीचे मार्क. आणि मार्क मिळवणं आपल्या पोरांना जमत नाही असं कुणी मला सांगू नये. एमपीएससीच्या यादीत आपल्या तालुक्यांची नावं येतात तेव्हा हीच पोरं असतात.

ही सीईटी मराठीतूनही देता येते, आणि चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. क्लॅटचं तसं नाही. पेपर फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क वजा. लांबलचक उतारे वाचून उत्तरं द्यायची. फी खुल्या वर्गाला चार हजार, जिथं सीईटीची हजाराच्या आसपास. मराठी माध्यमात शिकलेल्या पोराला कायद्याची बुद्धी कमी असते असं नाही, पण दोन तासांत एवढं इंग्रजी वाचायचा सराव त्याला कुणी दिलेला नसतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठं चालतात जनतेच्या पैशावर आणि त्यांच्या दाराशी एकाच भाषेचा पहारेकरी, हे मला पटत नाही. पण ते बदलेल तेव्हा बदलेल. आजच्या घडीला ज्याला जमतं त्यानं भरावी, कारण राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत आणि तिथं महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा राखीव असतात. डोमिसाईल दाखल्याचा एवढा मोठा उपयोग दुसरीकडे क्वचितच होतो. तिथली फी लाखांत आहे, हे विसरू नका. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकानं २०१० मध्ये 'आयडीआयए' नावाचा उपक्रम सुरू केला, गरीब आणि ग्रामीण मुलांना क्लॅटसाठी तयार करायला. हुशार पण परिस्थिती नसलेलं पोर असेल तर त्यांच्याशी संपर्क करून बघा. अकरावीतच करा, बारावीच्या दिवाळीनंतर उपयोग नाही.

आता मुलींबद्दल. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं.

राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या गटांतल्या मुली, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रम. अशा मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. लॉ व्यावसायिक अभ्यासक्रमात येतं. शिरूर-दौंडमधली किती घरं यात बसतात? मराठा, माळी, धनगर (धनगरांना भटक्या जमातीत आधीपासूनच सवलती आहेत), कुणी दाखला काढलेला, कुणी न काढलेला. बहुतेक घरं कुठल्या ना कुठल्या योजनेत बसतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आहेतच. मग अडतं कुठं?

अडतं ते या अटींवर. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, मॅनेजमेंटच्या जागेवर घेतला तर माफी नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतूनच वगळलेली आहेत. म्हणजे तीच मुलगी, तेच उत्पन्न, तोच दाखला. कॅपमधून साध्या विनाअनुदानित कॉलेजात गेली तर शिकवणी फी शून्य. सीईटीचा फॉर्म राहिला म्हणून खासगी विद्यापीठात गेली तर सगळी फी बापाच्या खिशातून. फरक पडला तो एका न भरलेल्या फॉर्मचा. माहितीपत्रकात हे कुणी ठळक अक्षरात छापत नाही. प्रवेशाच्या टेबलावर "स्कॉलरशिप मिळेल काका, बघू आपण" असं गोड बोललं जातं. तेव्हा एकच विचारायचं: "ही मुलींची शंभर टक्के माफी इथं लागू आहे का? लेखी द्या."

मुलग्यांनाही याच रस्त्यानं गेलं तर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती वगैरे योजनांतून साधारण निम्मी शिकवणी फी परत मिळते. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजारांपर्यंत मदत होते. महाडीबीटीवर पैसे उशिरा येतात, वर्ष संपल्यावर येतात, हे सगळं खरं. तरी येतात.

एक हिशोब करून बघा. समजा खासगी ठिकाणी वर्षाला अडीच लाख फी आणि राहणं-जेवण सव्वा लाख. पाच वर्षांचे झाले पावणेएकोणीस लाख. आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं शिफारस केली की ज्युनिअर वकिलाला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार महिना द्यावा. शिफारस, सक्ती नाही. तालुका कोर्टात किती सिनिअर महिना पंधरा हजार देतात ते तुमच्या ओळखीच्या कुठल्याही ज्युनिअरला विचारा, तो हसेल. पण समजा दिले. त्यातला एक रुपया खर्च न करता साठवला तरी ते पावणेएकोणीस लाख भरून निघायला दहा वर्षांहून जास्त लागतील. डॉक्टरकीच्या कर्जाशी याची तुलना करू नका. वकिली हळू पिकणारं पीक आहे, पहिली चार-पाच वर्षं नुसती राखण. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो ही वर्षं काढू शकत नाही. मग तो काळा कोट खुंटीला अडकवून रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एखाद्या कंपनीत एचआरला लागतो. नोकरीत वाईट काही नाही, पण त्यासाठी एवढे लाख लागत नव्हते.

आता अंतराचा मुद्दा. 'शिरूर-दौंड' असं आपण एका दमात म्हणतो, पण कॉलेज निवडताना हे दोन तालुके एकसारखे नाहीत.

दौंड जंक्शन आहे. पुण्याकडं गाड्या आहेत, मासिक पास परवडतो, दीडेक तासात पोरगं पुणे स्टेशनला उतरतं. केडगाव, यवत, पाटसवाल्यांनाही ही सोय थोडीफार मिळते. गर्दीचे हाल आहेत, लोकलची मागणी वर्षानुवर्षं पडून आहे, तरी रोज जाऊन-येऊन शिकणं शक्य आहे आणि पोरं शिकतात. शिवाय दौंडवरून एक फाटा बारामतीला जातो, दुसरी लाइन नगरला. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं वसंतराव पवार लॉ कॉलेज आहे, नगरला न्यू लॉ कॉलेज. म्हणजे दौंडच्या विद्यार्थ्यानं पसंतीक्रमात पुणे, बारामती, नगर तिन्हीकडची नावं घातली तरी घर न सोडता शिकायची शक्यता राहते.

शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीवरून निघालेली एसटी शिक्रापूर, कोरेगाव, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ उभी राहील हे कुणाच्या हातात नाही. एका बाजूला अडीच तास धरले तर दिवसाचे पाच तास रस्त्यात. असं पाच वर्षं कुणी करू शकत नाही. करतात ते पहिल्या सेमिस्टरला करतात, मग हजेरी गळते. मांडवगण किंवा टाकळी हाजीच्या पोराचं तर बोलायलाच नको, त्याला आधी शिरूरपर्यंत यायचंय. म्हणून शिरूरच्या पालकांनी पुण्यातलं कॉलेज धरताना होस्टेल किंवा खोलीचा खर्च फीमध्येच मोजावा. आणि नगर हा पर्याय हसण्यावारी नेऊ नये. शिरूरहून नगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्ता पुण्याच्या मानानं मोकळा. "नगरला कशाला, पुणे पुणे आहे" असं म्हणणारे पाहुणे खोलीभाडं भरायला येत नाहीत.

मुलीच्या बाबतीत घरात शेवटी हाच मुद्दा निर्णायक ठरतो, फी नाही. "रोज एवढ्या लांब?" म्हणून विषय संपतो आणि पुढच्या वर्षी लग्न ठरतं. म्हणून कॉलेजांची यादी करताना सोबत वसतिगृहाची यादीही करा. कॉलेजचं आहे का, समाजकल्याणचं आहे का, अर्ज कधी निघतात. प्रवेश झाल्यावर वसतिगृह शोधायला निघालात तर आजोबांचं म्हणणं जिंकणार.

आणखी एक पर्याय, जो मला आपल्या भागासाठी सगळ्यात जास्त पटतो आणि ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते: तीन वर्षांचा एलएलबी. शिरूरच्या बोरा कॉलेजात किंवा दौंडच्या कटारिया कॉलेजात, घरचं जेवून, पदवी करा. मग तीन वर्षांच्या लॉची सीईटी द्या. पाचाऐवजी सहा वर्षं होतात, एक वर्ष जास्त. पण बाहेर राहायचा खर्च पाचऐवजी तीन वर्षांचा. मधल्या काळात इंग्रजी सुधारतं, कळतं की खरंच वकील व्हायचंय की फक्त बांधाच्या केसला घरात एक वकील हवा म्हणून आजोबांचा हट्ट आहे. पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के लागतात, तेवढं सांभाळा. सनद दोन्ही पदव्यांना सारखीच मिळते आणि कोर्टात उभं राहिल्यावर कुणी विचारत नाही की तुमचा लॉ तीनचा की पाचचा. न्यायाधीश व्हायचं असेल तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. त्यामुळे पदवी घेऊन थेट परीक्षेला बसायची घाई आता तशीही उरलेली नाही.

आता एक कडू गोष्ट. "तिथं हजेरीचं टेन्शन नाही, फक्त परीक्षेला जायचं" अशा कॉलेजची चौकशी आपल्याकडे उघडपणे होते. नोकरी करत, शेती बघत पदवी मिळवायची. बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरीचा आहे. पत्रव्यवहारानं केलेला एलएलबी वकिलीसाठी चालत नाही, आणि हजेरी न लावता केलेला एलएलबी हा व्यवहारात पत्रव्यवहारच. असल्या कॉलेजांचा सुळसुळाट इतका झाला की ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलनं देशभर नवीन लॉ कॉलेजांना तीन वर्षांसाठी बंदी घातली. तुम्ही ज्या कॉलेजात पैसे भरताय त्याला बार कौन्सिलची मान्यता आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघा. विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे असते, तीही बघा. त्यावर जो आकडा सांगितला जाईल त्याची पावती मागा. कॅपिटेशन फी घ्यायला राज्यात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. कायदा शिकायला जाताना पहिलंच काम बेकायदा करू नका, एवढंच.

हजेरीचा आग्रह मी का धरतोय? कारण आपल्याकडे काम भरपूर आहे आणि ते किचकट आहे. शिरूरलाही कोर्ट आहे, दौंडलाही. सातबारा, फेरफार, वाटणी, संपादनाचा वाढीव मोबदला, चेक बाउन्सचे १३८ चे खटले, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांच्या तक्रारी, नगर रोड आणि सोलापूर रोडवरचे अपघात दावे. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि बाकीचे दोन नवे कायदे लागू झाले, म्हणजे जुन्या वकिलांनाही नव्यानं वाचावं लागतंय. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. जुना फेरफार वाचून त्यातली खोच ओळखणारं पोर, ज्याला 'पोटहिस्सा' समजावून सांगावा लागत नाही, ते इथं पुण्या-मुंबईच्या पोरापेक्षा दोन पावलं पुढं असतं. पण कायदा यायला हवा. नाहीतर अशिलाचे पैसे, अशिलाची जमीन आणि आपलं अज्ञान, असा खेळ होतो.

प्रक्रियेबद्दल थोडक्यात. सीईटी दिली म्हणजे अर्ज झाला, असं नाही. निकालानंतर कॅपची वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रं चढवावी लागतात, मग पसंतीक्रम भरायचा. दरवर्षी चांगले मार्क पडूनही नोंदणी राहिल्यामुळे बाहेर राहिलेली मुलं भेटतात. पसंतीक्रम हा शब्द अक्षरशः घ्या: आधी मनापासून हवं ते कॉलेज, मग मिळेल ते. "आपल्याला कुठं आयएलएस मिळतंय" म्हणून ते नाव गाळू नका, वर लिहायला पैसे पडत नाहीत. दाखले मात्र आत्ताच काढा. उत्पन्न, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर तहसीलमधून, आणि जात वैधता प्रमाणपत्र, जे सगळ्यात जास्त वेळ खातं. जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहून सर्व्हर डाउन असल्याचं ऐकण्यात काही अर्थ नाही. तारखा दरवर्षी बदलतात, सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

हे सगळं पालकांवर सोडून चालणार नाही. आपल्या तालुक्यांत नेत्यांच्या वाढदिवसाला शिबिरं होतात, वह्या वाटल्या जातात, गुणवंतांचे सत्कार होतात. सत्कार जूनमध्ये होतो, तेव्हा फॉर्म संपलेले असतात. माझी मागणी छोटी आहे. शिरूर आणि दौंडमधल्या प्रत्येक ज्युनिअर कॉलेजनं दिवाळीच्या आधी एक दिवस ठेवावा. तालुका बार असोसिएशनच्या दोन वकिलांना बोलवावं, त्यातली एक महिला असावी, तहसीलमधला एक माणूस दाखल्यांसाठी बसवावा, आणि कॉम्प्युटर लॅब उघडून ज्यांना भरायचाय त्यांचे फॉर्म तिथंच भरून घ्यावेत. अनुदानाची गरज नाही, मंडपाची नाही, फ्लेक्सची तर नाहीच. न्हावरा, तळेगाव ढमढेरे, पाटस, केडगाव इथल्या कॉलेजांच्या प्राचार्यांना मी हे पत्रानं कळवतोय. ज्यांच्या ओळखी शिक्षण संस्थांच्या संचालकांशी आहेत त्यांनी "सीट करून द्या" ऐवजी या वर्षी हे एक काम सांगून बघावं.